दारू सोडली, तरी रिपोर्ट वाढलेलाच का?

“मी दारू सोडली आहे, तरीही रक्ताचा रिपोर्ट वाढलेलाच येतो आणि घरातले मला खोटारडा ठरवतात. मी काय करावे?” यकृताच्या आजाराचे रुग्ण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी वारंवार येतात. त्यांच्या घरच्यांचा प्रश्न याच्या नेमका उलट असतो : “चाचणीतून खरे काय ते एकदाचे कळेल ना?” या दोन्ही प्रश्नांत अडकलेल्या एका कुटुंबाची हकीकत येथे सांगते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पन्नाशीतले ते गृहस्थ पत्नी आणि मुलासह आले होते. त्यांना लिव्हर सिरॉसिस आणि मधुमेह असे दोन्ही आजार होते. रोज पिण्याची सवय अनेक वर्षांची होती, पण रुग्णालयात दाखल होऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी ती थांबवली होती, आणि त्यांच्या सांगण्यानुसार त्याला अकरा आठवडे झाले होते. (रोज भरपूर पिणाऱ्याने दारू घरच्या घरी अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण त्यातून झटके किंवा भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून हे सोडणे वैद्यकीय मदतीनेच व्हावे, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.) मुलाने ताजा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. त्यात जीजीटी (यकृताच्या त्रासाची सूचना देणारे रक्तातले एक एन्झाइम) सामान्य मर्यादेच्या तिप्पट होते आणि तांबड्या पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्हीचा आकडाही जास्त होता. “इंटरनेटवर वाचले, हे दोन्ही दारूनेच वाढतात,” तो म्हणाला. वडील खाली मान घालून बसले होते. पत्नीने एवढेच सांगितले की त्या रोज कपाटे, गाडीची डिकी आणि माळा तपासतात, आणि अजून कुठेही काही सापडलेले नाही.

मुलाने वाचलेले खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. दारूने जीजीटी वाढते हे खरे. मात्र यकृतातील चरबी, पित्तमार्गातील अडथळा, फिट्सवरची काही औषधे आणि खुद्द सिरॉसिस यांनीही ते वाढते. ज्याचे यकृत आधीच बिघडलेले आहे आणि ज्याला मधुमेह आहे, त्याचे जीजीटी दारू बंद झाल्यावर उतरू लागले तरी पूर्वपदावर येईलच असे नाही. एमसीव्हीचा हिशोब मी मुलाला कागदावर मांडून दाखवला. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते आणि अकरा आठवडे म्हणजे 77 दिवस. म्हणजे दारूच्या काळात तयार झालेल्या मोठ्या पेशींपैकी बऱ्याच पेशी वडिलांच्या रक्तात अजून फिरत असणारच होत्या. शिवाय यकृताच्या आजारात, तसेच बी-12 किंवा फोलेट ही जीवनसत्त्वे कमी पडल्यावरही या पेशी मोठ्या होतात. ज्या रिपोर्टच्या आधारावर त्या घरात तीन आठवडे अबोला होता, तो रिपोर्ट दारूबद्दल ठामपणे काहीच सांगत नव्हता. अशा वेळी मला मनापासून वाईट वाटते, कारण रिपोर्टचा आकडा सगळ्यांना वाचता येतो, पण त्याचा अर्थ समजावून सांगण्यासाठी दहा मिनिटे काढणारे फार थोडे भेटतात.

मी त्यांच्या यकृततज्ज्ञांशी बोलले आणि त्यांनी फॉस्फॅटिडिल इथेनॉलची रक्तचाचणी सुचवली. प्रयोगशाळेत तिला थोडक्यात ‘पेथ’ म्हणतात. दारू रक्तात असतानाच तांबड्या पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध घटकाशी तिचा संयोग होऊन हा पदार्थ तयार होतो. दारूच नसेल तर तो तयार होत नाही, आणि यकृत खराब आहे एवढ्या कारणाने तो वाढत नाही, हे आमच्या रुग्णांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्याचे प्रमाण साधारणपणे चार ते दहा दिवसांत निम्म्यावर येते, म्हणून मागच्या दोन ते चार आठवड्यांतल्या पिण्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी आकडा आला तर दारू घेतलेली नाही किंवा अगदी थोडी घेतली आहे असे समजतात, आणि 200 च्या वर आला तर भरपूर पिणे चालू आहे असे मानतात. सीडीटी नावाची आणखी एक जुनी चाचणी आहे, पण सिरॉसिसमध्ये तिच्यावर विसंबता येत नाही.

येथे मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, “मॅडम, पुढच्या आठवड्यात त्यांचे रक्त काढणारच आहेत. त्याच नमुन्यात ही चाचणी करून घेऊ या का? त्यांना सांगायची काय गरज?” त्याची घालमेल मला कळत होती. बापाला रक्ताची उलटी होताना पाहिलेला मुलगा होता तो. तरीही मी स्पष्ट नकार दिला. चोरून केलेल्या चाचणीचा निकाल चांगला आला तर तो वडिलांना सांगता येत नाही, आणि वाईट आला तर पहिले भांडण चोरीवरूनच होते. दोन्ही वेळा उपचारांची वाट अधिक बिकट होते. संमतीवाचून अशी तपासणी करणे मला योग्य वाटत नाही, हा मुद्दा तर वेगळाच.

मग ही गोष्ट मी वडिलांपुढेच मांडली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “आणि मशीन चुकले तर?” हा प्रश्न ऐकला की काहीतरी लपवले जात आहे असे मानणारे लोक आहेत, मी मात्र तो प्रामाणिक प्रश्न समजते, कारण चाचण्या खरोखरच चुकतात. मी त्यांना विचारले की गेल्या महिनाभरात रक्त चढवले होते का. दात्याने दारू घेतली असेल तर त्याच्या पेशींबरोबर पेथही रुग्णाच्या शरीरात येऊ शकते. तसे काही झालेले नव्हते. त्यांनी संमती दिली आणि आकडा 20 च्या खाली आला. पत्नीचा जीव भांड्यात पडला. मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि नंतर वडिलांना म्हणाला, “मी चुकलो, बाबा.” मीही त्यांना सांगून ठेवले की या निकालावरून एक घोटही घेतला नाही असे सिद्ध होत नाही, नियमित भरपूर पिणे चालू नाही, एवढे मात्र म्हणता येते.

हकीकत येथेच थांबली असती तर मी ती लिहिलीही नसती.

पाच महिन्यांनी पत्नीचा फोन आला. नियमित तपासणीत लघवीतले इथिल ग्लुकुरोनाइड, म्हणजे ईटीजी (दारू घेतल्यावर शरीरात तयार होणारा पदार्थ), मिलिलिटरमागे 340 नॅनोग्रॅम निघाले होते. ही चाचणी तीन दिवसांपर्यंतचे, आणि पिणे भरपूर असेल तर जास्तीत जास्त पाच दिवसांपर्यंतचे दारूसेवन दाखवते. ती अतिशय संवेदनशील आहे, आणि तिची अडचणही तीच आहे. 100 ते 500 मधला आकडा संदिग्ध असतो; अल्कोहोल असलेले सॅनिटायझर किंवा माउथवॉश वारंवार वापरणाऱ्याचाही आकडा या पट्ट्यात येऊ शकतो. मधुमेही रुग्णाच्या लघवीत साखर आणि जंतुसंसर्ग दोन्ही असतील तर नमुन्याच्या बाटलीतच आंबण्याची क्रिया होऊन निकाल फसवा येण्याची शक्यता असते. उलट, काही जंतू ईटीजीचे विघटन करून खरे सेवनही झाकून टाकतात. घरी नुकताच नातू झाला होता आणि सगळेच दिवसभर हाताला सॅनिटायझर लावत होते. त्यामुळे यावरून निष्कर्ष काढू नका, पेथ करून घेऊ, असे मी सांगितले, आणि डॉक्टरांचेही तेच मत पडले.

रक्त दिल्यावर, निकाल येण्याच्या आदल्या दिवशी, ते गृहस्थ एकटेच माझ्याकडे आले. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, “मॅडम, सॅनिटायझर नाही. दोनदा घेतली.” बारशाच्या गडबडीत जुने मित्र भेटले होते. एकदा त्यांच्या आग्रहाखातर घेतली, आणि चार दिवसांनी कोणाच्याही आग्रहाशिवाय घेतली. सबब आयती हाताशी होती, मीच ती नकळत पुरवली होती, आणि तरीही ते खरे बोलले. का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मागच्या वेळी मी खरे बोलत होतो, ते तुम्ही शोधून काढले होते. आता खोटे कसे बोलू?” दुसऱ्या दिवशी पेथचा आकडा 41 आला.

पुढचे काम खरे तर नेहमीचेच होते. यकृततज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून दारूपासून दूर राहायला मदत करणाऱ्या औषधाचा विचार केला. डायसल्फिराम यकृताला अपाय करू शकते म्हणून ते टाळले आणि बॅक्लोफेन अल्प मात्रेत सुरू केले. मित्रांना नाही कसे म्हणायचे, याचा सराव आम्ही तीन भेटींत केला. त्यांनी स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहिले : दर चार आठवड्यांनी पेथ करायची, तारीख आधी ठरवायची, रिपोर्ट प्रथम डॉक्टरांसमोर मी उघडायचा, आणि आकडा वाढला तर दोन दिवसांत सगळ्यांनी मिळून समुपदेशनाला यायचे. पत्नीने खाली एक ओळ जोडली : “रिपोर्टच्या आधी सांगितलेत तर मी रडेन, पण रागावणार नाही.”

त्यानंतर एकदा त्यांनी वेळेआधी सांगितले, आणि पत्नी लिहिल्याप्रमाणे रडल्या. गेल्या चार तपासण्यांत पेथ 20 च्या खाली आहे. जीजीटी अजूनही मर्यादेच्या वरच आहे, आणि त्याबद्दल आता घरात कोणी विचारत नाही.