विचारा बिनधास्त: एजंटला स्किल्स दिल्यात, पण तो ढुंकून बघत नाही

प्रश्न: आमचं जीएसटी-टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. एआय एजंटला (म्हणजे आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआयला) दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून पुतण्याने पंधरा-वीस स्किल्स (एकेक काम कसं करायचं याच्या लिहून ठेवलेल्या सूचना) बनवून फोल्डरमध्ये टाकल्या. पण एजंट त्या वापरतच नाही, आपल्या मनानेच काहीतरी करतो. स्किलचं नाव घेऊन सांगितलं की मात्र बरोबर करतो. असं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाव घेतल्यावर नीट करतोय ना, मग स्किल चांगली आहे, फक्त ती त्याला सापडत नाहीये. एजंट सुरू होताना सगळ्या स्किल्स वाचून काढत नाही, प्रत्येकीचं फक्त नाव आणि वर्णन तेवढं त्याच्या डोळ्यासमोर असतं. त्या वर्णनावरून वाटलं की हे आपल्या कामाचं आहे, तरच तो आतली मुख्य फाइल उघडतो, आणि तिच्यात सांगितलं असेल तर पुढच्या फायली नाहीतर स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम. क्लॉड हा एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ही पद्धत आणली, डिसेंबरमध्ये तिचं ओपन स्टँडर्ड केलं, म्हणजे कुणालाही वापरता येईल असं खुलं मानक. त्यात वर्णनाला १०२४ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जागा भरपूर आहे हो, पण लोक तिथे चार शब्द टाकून मोकळे होतात आणि सगळी अक्कल आतल्या फाइलमध्ये ओततात, जी उघडलीच जात नाही.

तुमच्या पुतण्याने बहुतेक 'जीएसटीचं काम करते' असं काहीतरी लिहिलं असणार. त्याऐवजी असं लिहून बघा: 'खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी जुळवणे. कुणी टूबी मॅच कर, रिको कर, आयटीसी कमी का दिसतंय असं विचारलं, किंवा रजिस्टरची एक्सेल आणि पोर्टलवरची फाइल एकत्र दिली, की ही वापरणे. रिटर्न भरायला वापरू नये.' (टूबी म्हणजे जीएसटीआर-२बी, सप्लायरच्या रिटर्नवरून पोर्टलवर आपोआप बनणारं पत्रक; रिको म्हणजे जुळवणी; आयटीसी म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट.) म्हणजे ऑफिसातली पोरं जे बोलतात तेच शब्द तिथे हवेत. आणि ते शेवटचं 'वापरू नये' गाळू नका, कारण पंधरा-वीस स्किल्समध्ये चार जीएसटीच्याच असणार आणि वर्णनं एकसारखी झाली की तो नेमकी चुकीची उचलतो.

अजून एक, आकडे जुळवायचं काम मॉडेलच्या, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयच्या, अंदाजावर सोडू नका. सप्लायर बिल नंबर एका ठिकाणी '००१२/२५-२६' लिहितो, दुसरीकडे नुसतं '१२', ही भानगड निस्तरायला स्किलमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा, आणि दोन-तीन रुपयांचा फरक चालेल की नाही हे तुम्ही स्वतः ठरवून लिहून द्या. मग नवीन चॅट उघडून स्किलचं नाव न घेता, पोरं विचारतात तसंच विचारून बघा. मधेच टीडीएसचा एखादा प्रश्न टाका, तेव्हा टूबीवाली उघडली तर वर्णन फार मोघम झालंय.

प्रश्न: एजंट स्वतःच्या स्किल्स स्वतः तयार करू शकतो का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: हो, आणि हे २०२३ मध्येच करून दाखवलंय. एनव्हिडिया, कॅलटेक वगैरेंच्या संशोधकांनी 'व्हॉयेजर' नावाचा एजंट माइनक्राफ्ट गेममध्ये सोडला होता. ओपनएआयचं जीपीटी-४ हे मॉडेल त्याच्यासाठी कोड लिहायचं, तो गेममध्ये चालवायचा, एरर आली की दुरुस्ती, आणि काम खरंच झालं का हे तपासूनच तो कोड वर्णनासकट साठवायचा. नवीन काम आलं की जवळची वर्णनं असलेल्या पाच स्किल्स शोधून समोर ठेवायच्या. मॉडेलला नव्याने ट्रेन वगैरे काही केलं नाही, वाढत गेला तो फक्त संग्रह. मला यातली तपासणी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण चुकीची पद्धत एकदा साठवली की पुढे तीच चूक इमानेइतबारे होत राहणार. गेममध्ये कुऱ्हाड बनली की नाही ते लगेच दिसतं, ऑफिसच्या कामात तसं दिसत नाही, तिथे साठवण्याआधी माणसाने बघावंच.

प्रश्न: नेटवरून फुकट मिळणाऱ्या स्किल्स घेऊ का?
– एक वाचक, पणजी

उत्तर: आधी वाचा, मग घ्या. स्किल म्हणजे एजंटला दिलेला हुकूम असतो, सोबत चालणारा कोडही असू शकतो, आणि एखाद्या ओळीत 'ही फाइल अमुक पत्त्यावर पाठव' असं लपवलेलं असेल तर एजंट ते करूनही बसेल. मुख्य फाइल साधी टेक्स्ट असते, ती पूर्ण वाचा. स्क्रिप्ट कळत नसेल तर कळणाऱ्याला दाखवा, आणि तोवर क्लायंटचा डेटा असलेल्या मशीनवर टाकूच नका.