हत्तीच्या पिल्लासाठी वर्गणी मागणे, हे करिअर आहे का?

पत्र : आम्ही दोडामार्ग तालुक्यात राहतो. केळी आणि पोफळीची बागायत आहे. गेल्या पावसाळ्यात टस्कर हत्तीने एका रात्रीत तीस-चाळीस केळी आडव्या केल्या. आमची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. केनियातील अनाथ हत्तींच्या पिल्लांसाठी तिने मैत्रिणी, शेजारी आणि मुंबईचे नातेवाईक यांच्याकडून मोबाइलवर १८,४०० रुपये जमवले आणि परदेशातील मामेभावाच्या कार्डावरून ते पाठवले. आता वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एखाद्या लहान संस्थेत निधी उभारण्याचेच काम करणार, असे ती म्हणते. ज्या जनावराने आमच्या तोंडचा घास काढला, त्याच्यासाठी भीक मागण्याला करिअर म्हणतात का? – एक पालक

सप्रेम नमस्कार.

ज्याची बाग हत्तीने तुडवली त्याला रागावण्याचा हक्क आहे, म्हणून ‘भीक’ हा शब्द मी तुमच्या रागाच्या खाती जमा करतो. पण थोडे आपल्याच गावांकडे पाहा. देवळातला पंखा बंद केला की पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी लाल अक्षरे दिसू लागतात. शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, तळीच्या पायऱ्या यांतले कितीतरी काम मुंबईच्या चाकरमान्यांच्या मंडळांनी वर्गणीतून उभे केले आहे. ती वर्गणी कोणीतरी परळ-लालबागच्या चाळींतून जिने चढत, पावत्या फाडत आणि वार्षिक सभेत लोकांची उलटतपासणी सोसत जमवलेली असते. त्या माणसाला गावात कोणी भिकारी म्हणत नाही. तुमची कन्या जे काम पोटासाठी करू म्हणते ते याच जातीचे आहे. फक्त येथे देव बोलत नाही, तसा तेथे हत्तीही बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते.

तिने केलेल्या एका गोष्टीविषयी मात्र मला कडक बोलावे लागेल. लोकांकडून घेतलेले पैसे तिने स्वतःच्या खात्यात घेतले, पावती दिली नाही आणि तिसऱ्याच्या कार्डावरून परदेशी पाठवले. तिचा हेतू निर्मळ आहे याबद्दल मला शंका नाही; पण या क्षेत्रात हेतूला पावती जोडावी लागते. नोंदणी नसलेली गणेशोत्सव मंडळेसुद्धा वर्गणीपूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घेतात. शिवाय परदेशी संस्थेला दिलेल्या अशा देणगीवर आपल्याकडच्या देणगीदाराला प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हे तिने मागतानाच सांगायला हवे होते. तिला रागावू नका, पण असे पुन्हा करू देऊ नका. ती बी.कॉम. आहे, हे तिने उलट लक्षात ठेवावे. या क्षेत्रात जनावरांवर माया करणारे पुष्कळ आहेत. माया करून वर रोजकीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, लिहिणारे मोजके.

आता ज्या कामाने ती भारावली त्याविषयी. तुम्ही संस्थेचे नाव कळवलेले नाही, पण केनियातील अनाथ हत्तींचे काम म्हटले की प्रथम नैरोबीचा शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट आठवतो. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी पती डेव्हिड यांच्या निधनानंतर १९७७ साली तो स्थापला. म्हणजे तोही एका अर्थी ‘स्मरणार्थ’च उभा राहिलेला. हत्तीचे पिल्लू पहिली दोन वर्षे दुधावाचून जगत नाही आणि गाईच्या दुधातली चरबी त्याला पचत नाही. वर्षानुवर्षे पिल्ले हातची गेल्यावर डॅफ्नीबाईंना असे आढळले की खोबरेल तेल घातलेले दूध त्याला मानवते. आपल्या परसातला नारळ तिथल्या बाटलीत जातो, हे वाचून आपल्याला बरे वाटायला हरकत नाही. त्या दुधाच्या बाटल्या दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा द्याव्या लागतात, आणि सांभाळणारा माणूस पिल्लाशेजारीच झोपतो.

मात्र रोज तोच माणूस झोपत नाही, आणि यामागची गोष्ट तुमच्या कन्येने नीट समजून घ्यावी. आयशा नावाचे एक पिल्लू डॅफ्नीबाईंनी एकटीच्या हाताने वाढवले होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांना काही दिवस दूर जावे लागले, तेव्हा पिल्लाने खाणे सोडले आणि ते मेले. तेव्हापासून तेथे सांभाळणारे आळीपाळीने बदलतात, म्हणजे पिल्लाचा जीव एकाच माणसात गुंतत नाही. निधी उभारणाऱ्याला यातून मोठा धडा मिळतो. एकाच धनिकाच्या कृपेवर चालणारी लहान संस्था त्या पिल्लासारखीच असते. त्याचा धंदा बसला किंवा लोभ दुसरीकडे वळला की दूध बंद. उलट त्या ट्रस्टने वर्षाला किमान ५० डॉलर देऊन एका पिल्लाचे पालकत्व घेण्याची योजना ठेवली आहे. लहान रकमा, पुष्कळ माणसे आणि दर महिन्याला पाठवलेली पिल्लाची खबर. पिल्लू मोठे होऊन केनियातील त्सावोच्या रानात परतायला कित्येक वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे देणगीदाराला टिकवून ठेवणे हेच खरे काम आहे. पहिली देणगी करुणेने मिळते. पाचव्या वर्षीची पत्रव्यवहाराने.

येथवर झाली तिच्या मनातली केनिया. तुमच्या बागेतला हत्ती हा वेगळा विषय आहे, आणि माझ्या मते तिची खरी परीक्षा तेथेच आहे. कर्नाटकातून हत्ती आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात उतरले त्याला २००२ पासून आता वीसहून अधिक वर्षे होऊन गेली. आपल्या देशात पिल्लू कळपापासून तुटते ते बहुधा चहामळ्याच्या चरात पडल्याने, पुरात वाहून आल्याने किंवा कुंपणात सोडलेल्या विजेने आई मेल्याने. वन खात्याचा आणि जाणत्या संस्थांचा पहिला प्रयत्न पिल्लाला पुन्हा कळपात सोडण्याचा असतो. काझीरंगाजवळ २००२ साली आसामचे वन खाते आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी पुनर्वसन केंद्र काढले, तेथे पिल्ले वाढवली जातात ती हा प्रयत्न फसल्यावर. गंमत अशी, की कळपात परतलेल्या पिल्लाचे छायाचित्र क्वचितच मिळते आणि बाटली चोखणाऱ्याचे हमखास मिळते, त्यामुळे देणग्या पिल्ले बाटलीवर वाढवण्याच्या कामाकडे वाहतात. पिल्लू अनाथ होऊच नये म्हणून शेतकऱ्याला सौर कुंपण बसवून देणे, ज्याचा झटका बसतो पण जीव जात नाही, हे काम तर त्याहून कोरडे दिसते. त्या कुंपणासाठी, पंचनाम्याला लागणाऱ्या कागदांसाठी आणि रात्रीच्या राखणीसाठी जी मुलगी पैसे उभे करील, ती तुमच्याच बाजूची असेल. हत्तीसाठी मागायचे म्हणजे बागायतदाराविरुद्ध मागायचे, हा समज तुमच्या घरात दोन्ही बाजूंना झालेला दिसतो.

आधार म्हणजे नेहमी रोख देणगीच असते असेही नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांतून उतरतात, उकडीचे मोदक खातात, पहाटे आणि सायंकाळी पिल्ले समुद्रात जाताना पाहतात आणि पैसा गावात राहतो. ज्या किनाऱ्यावरून अंडी उचलली जात होती, तेथे गावच राखणदार झाले. कन्येला एका हंगामात तेथे अवश्य पाठवा. किनाऱ्यावर रमायला नव्हे, तर कोणाला किती मिळते आणि त्याची नोंद कोण ठेवतो, हे विचारायला.

आता व्यवहाराचे. पदवी पुरी होण्याआधी तिने काहीही सोडू नये. त्यानंतर एक वर्ष तिने कुडाळ, सावंतवाडी किंवा रत्नागिरीत न्यासांचे लेखापरीक्षण करणाऱ्या एखाद्या सी.ए.च्या कार्यालयात काढावे, असे मी सुचवतो. हे ऐकून ती नाक मुरडेल. पण संस्थेची नोंदणी, धर्मादाय कार्यालयात दरवर्षी जाणारे हिशेब, देणगीदाराची करसवलत, परदेशी निधीच्या कायद्यातील २०२० ची दुरुस्ती आणि तिने प्रशासकीय खर्चाला घातलेली २० टक्क्यांची मर्यादा, हे सर्व तेथे जितके पक्के होते तितके कोणत्याही वर्गात होत नाही. मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि वन्यजीवरक्षण त्यात बसते. त्या पैशासाठी प्रस्ताव लिहिणारा माणूस लहान संस्थांना सहज मिळत नाही. पुढे शिकायचे झाल्यास मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील समाजकार्य किंवा गुजरातमधील आणंदच्या इर्मा या संस्थेतील ग्रामीण व्यवस्थापन हे मार्ग तिच्या पदवीला जुळतात. जनावराच्या अंगाला हात लावायचा असेल तर पशुवैद्यक किंवा दापोलीची वनशास्त्र पदवी हवी, आणि तिला विज्ञान शाखा लागते. तो रस्ता तिने बारावीआधीच मागे टाकला आहे. वेतनाबाबत भ्रम नको. सुरुवातीची तीन-चार वर्षे बँकेत लागलेल्या तिच्या मैत्रिणी तिच्यापेक्षा अधिक मिळवतील, आणि लहान संस्थेत कधी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात होतो. तुम्ही तोवर घरचे जेवण देऊ शकता काय, हे तिला मोकळेपणाने सांगा.

शेवटी एक विनंती. पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. त्यासोबत १८,४०० रुपयांचा ताळा जोडावा : कोणी किती दिले, कोणत्या तारखेला, पुढे पाठवलेली रक्कम नेमकी किती, आणि ज्यांनी दिले त्यांपैकी किती जणांना तिने ते पोहोचल्याचे कळवले. तो कागद पाहिल्यावर तिला कोणत्या संस्थेचे दार ठोठावायला सांगायचे ते मी ठरवीन.