विष्ठेतल्या डीएनएवरून रानकुत्रे मोजायचे असतील तर

तुमचा प्रश्न असा की, विदर्भातल्या एका अभयारण्यातले रानकुत्रे विष्ठेतल्या डीएनएवरून मोजता येतील का, आणि एम.एस्सी.च्या प्रबंधाला शंभर नमुने पुरतील का. पहिल्याचं उत्तर सरळ हो. वाघाचे पट्टे, बिबट्याचे ठिपके कॅमेरा ट्रॅपमध्ये ओळखता येतात. रानकुत्रे सगळे एकजात तांबूस, फोटोवरून हा कोण नि तो कोण ते सांगता येत नाही. बिबट्या मोजायचा असता तर मी म्हटलं असतं, डीएनएच्या भानगडीत पडू नका, कॅमेरे लावा. इथे मात्र विष्ठाच कामाची. केरळातल्या वायनाडमध्ये याच पद्धतीने सुमारे 50 रानकुत्र्यांचा अंदाज काढला गेला, तो अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला.

शंभर पुरतील का, हे तिथे साधारण किती जनावरं असतील त्यावर आहे. स्कँडिनेव्हियातल्या तपकिरी अस्वलांवरच्या 2006 च्या अभ्यासाने अंदाजे संख्येच्या अडीच ते तीन पट नमुने घ्या असं सुचवलं होतं. पण ते थंड हवेतलं गणित. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात पडलेल्या विष्ठेतला डीएनए झपाट्याने तुटतो, पावसाची एक सर आली तरी तेच. बरेच नमुने वाया जाणार हे धरूनच चाला. शक्यतो हिवाळ्यात, पहाटे, तोच तो रस्ता पुन्हा पुन्हा चालून गोळा करा. एकच जनावर पुन्हा पुन्हा सापडणं हीच तर या मोजणीची किल्ली आहे. दुसऱ्यांदा सापडणाऱ्यांचं प्रमाण किती, त्यावरून न सापडलेले किती असतील ते निघतं.

आता खरी मेख. कळपातले रानकुत्रे रस्त्याच्या तिठ्यावर एकाच जागी विष्ठा टाकतात. तुम्हाला वाटेल लॉटरी लागली, एका जागी आठ-दहा नमुने! पण एकमेकाला चिकटलेल्या दोन विष्ठांमधून घेतलेल्या नमुन्यात दोन जनावरांचा डीएनए येतो. एकाच जनावराच्या एका मार्करवर, म्हणजे जनावरागणिक बदलणाऱ्या डीएनएच्या ठरावीक तुकड्यावर, जास्तीत जास्त दोन प्रकार दिसायला हवेत. तिथे तीन दिसले की समजा सरमिसळ झाली. म्हणून सुटी पडलेली, ओलसर चकाकी असलेली विष्ठाच घ्या, तीही वरवरची. जनावराच्या आतड्याच्या पेशी पृष्ठभागावर असतात. आत चितळाचे केस आणि हाडांचा चुरा, म्हणजे भक्ष्याचा डीएनए. दर नमुन्याला नवे हातमोजे. अॅब्सोल्यूट अल्कोहोल वापरत असाल तर नमुन्याच्या निदान तिप्पट-चौपट घाला आणि लेबल पेन्सिलीने लिहा. अल्कोहोलचा एक थेंब सांडला की पेनाची शाई पुसली जाते, आणि बिननावाच्या नमुन्याचं करणार काय?

प्रयोगशाळेत आधी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून प्रजात ठरवा. गावाच्या कडेला भटक्या कुत्र्याची विष्ठा रानकुत्र्याची समजून उचलली जातेच. एका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे ही पायरी खराब नमुन्यातही बहुधा पार पडते. जनावरागणिक ओळख पटवायला मात्र केंद्रकातला डीएनए लागतो, आणि त्याच्या पेशीत दोनच प्रती. त्यातली एक पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, वाढलीच नाही तर दोन वेगळे प्रकार असलेलं जनावर एकाच प्रकाराचं दिसतं. मग तोच कुत्रा संगणकात दुसरा कुत्रा होऊन बसतो आणि तुमचा आकडा फुगतो. यावर उपाय एकच: दर मार्करची पीसीआर तीन-चारदा करा आणि सगळे निकाल जुळले तरच धरा. खर्च इथे होतो, पैसा इथेच राखून ठेवा. माझं स्पष्ट मत, तीनशे नमुने एकेकदा चालवण्यापेक्षा शंभर नमुने चारदा चालवलेले बरे.

उलटा घोळही होतो. कळप म्हणजे बहुतेक नात्यातलेच, एकाच पिलावळीतली भावंडं. मार्कर कमी पडले तर दोन सख्खे भाऊ एकच दिसतील आणि आकडा घटेल. म्हणून किती मार्कर पुरेत याचा हिशेब भावंडं गृहीत धरून करा. नात्यात नसलेल्या जनावरांसाठीचा हिशेब नेहमीच गोड दिसतो, त्यावर भाळू नका. प्रत्येक फेरीत एक कोरी, म्हणजे नमुना न घातलेली नळीही चालवा. त्यात डीएनए उगवला तर ती अख्खी फेरी बाद.

आणि एक गोष्ट बरेच जण शेवटाला ठेवतात. रानकुत्रा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतला प्राणी आहे, विष्ठा उचलायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आपल्याकडे ते कार्यालय नागपूरला आहे. परवानगीला वेळ लागतो, तेव्हा हिवाळा गाठायचा असेल तर अर्ज आत्ताच टाका. त्यात बीटांची (वनरक्षकांच्या हद्दींची) नावं, नमुन्यांची संख्या आणि तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार हे नीट लिहा, म्हणजे शंका काढून फाईल परत येणार नाही.