बाष्पीभवन, बाष्पोत्सर्जन, बाष्पपर्णोत्सर्जन आणि पाण्याचा जमाखर्च

देवगडकडे भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे: “कोकणातल्या पाण्यावर मुलांसाठी टिपण लिहिते आहे. बाष्पीभवन, बाष्पोत्सर्जन, बाष्पपर्णोत्सर्जन हे तिन्ही शब्द कुठेही, कसेही वापरलेले दिसतात. अर्थ एकच का? आणि ‘जलसंतुलन’ हा शब्द आमच्याकडे लिहावा का? पाऊस तीन हजार मिलिमीटर आणि मे महिन्यात वाडीवर टँकर. यात संतुलन कसलं?”

आधी तीन शब्दांचं बघू. अर्थ एक नाही.

बाष्पीभवन म्हणजे उघड्या पाण्याची किंवा ओल्या पृष्ठभागाची वाफ होणं: तळ्याची, भिजलेल्या कौलांची, ओल्या मातीची. ‘भवन’ म्हणजे होणं, त्यामुळे हे आपसूक घडतं. मुद्दाम घडवून आणलं की ‘बाष्पीकरण’.

बाष्पोत्सर्जन हे झाडाचं काम. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या बारीक रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. याला ‘बाष्पोच्छ्वास’ही म्हणतात. मी तो शब्द शाळेत टाळेन, कारण ‘उच्छ्वास’ आला की मुलांना श्वसन आठवतं आणि दोन वेगळ्या क्रियांची गल्लत होते. वर्गाला दाखवायचं असेल तर हापूसच्या कलमाच्या उन्हातल्या डहाळीला कोरडी, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. थोड्या वेळाने पिशवी आतून धुरकट होते, मग थेंब धरतात. ते पाणी जमिनीतून पानापर्यंत चढून आलेलं असतं.

बाष्पपर्णोत्सर्जन ही या दोहोंची बेरीज. कृषी विद्यापीठांच्या मराठी लिखाणात हा शब्द चांगला रुळला आहे. उच्चाराला जड आहे खरा, पण मला तो आवडतो: ‘पर्ण’ मध्ये असल्यामुळे झाडाचा वाटा विसरला जात नाही. आणि अशा जोडशब्दाची गरज का पडली, ते भाताच्या खाचरात उभं राहिलं की कळतं. लावणी नुकती झालेली असताना रोपं विरळ असतात, मध्ये पाणी चमकत असतं. वाफ होते ती जवळजवळ सगळी त्या उघड्या पाण्याची. भात फुटवे धरून दाटलं की पाणी दिसेनासं होतं आणि बहुतेक वाफ पानांतून जायला लागते. शेत तेच आणि वरून जाणारी वाफही एकच. त्यातली पाण्याची किती आणि पानांची किती, हे रोजच्या रोज वेगळं मोजणं अवघड. म्हणून शास्त्रज्ञांनी दोन्ही एकत्र मोजायचं ठरवलं.

त्यातही ‘संभाव्य’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन प्रकार लिहिले जातात. संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जनाची कल्पना अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ थॉर्नथ्वेट यांनी १९४८ साली हवामानाचं वर्गीकरण मांडताना पुढे आणली. सोप्या मराठीत सांगायचं तर संभाव्य म्हणजे हवेची मागणी आणि प्रत्यक्ष म्हणजे जमिनीची ऐपत. जैसलमेरला हवेची मागणी प्रचंड, पण वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा पडलेलं जवळजवळ सगळं पाणी उडून जातं आणि मागणी अपुरीच राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवेची मागणी दिवसाला पाचेक मिलिमीटर धरा. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, गुंठ्याला साधारण १०० लिटर. म्हणजे मे महिन्यात एका गुंठ्याकडून हवा रोज ५०० लिटर मागते. शिंपण्याखालच्या माडा-पोफळीच्या बागेत ती मागणी बरीचशी भागते. वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, सुकल्या गवतात, भागवायला काही उरलेलंच नसतं.

आता ‘जलसंतुलन’. हा शब्द चूक नाही, पण ‘संतुलन’ म्हटलं की दोन्ही पारडी सारखी, सगळं आलबेल, असा भास होतो. मूळ कल्पना हिशोबाची आहे. ‘पाण्याचा ताळेबंद’ हा शब्द प्रचारात आहे आणि जलसंतुलनापेक्षा बरा आहे. मात्र काटेकोर बोलायचं तर ताळेबंद हा एका ठरावीक तारखेची स्थिती दाखवतो, आणि कोकणाचं दुखणं महिन्या-महिन्यांत आहे. म्हणून मी ‘पाण्याचा जमाखर्च’ लिहीन. पाऊस ही जमा. बाष्पपर्णोत्सर्जन आणि अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, हा खर्च. मातीत आणि भूजलात उरेल ती शिल्लक.

हा जमाखर्च मांडला की तुमच्या टँकरचं उत्तर त्यातच मिळतं. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. सह्याद्रीपलीकडे माणदेशात मात्र ५०० च्या आसपास. वर्षाची बेरीज घेतली तर कोकणात हवेच्या मागणीपेक्षा पाऊस कितीतरी जास्त. पण बहुतेक सगळी जमा जून ते सप्टेंबरात, आणि नेमकी तेव्हा ढग, दमट हवा, ऊन नाही, म्हणून वाफेचा खर्च सगळ्यात कमी. उरलेलं पाणी पऱ्या-वहाळांतून धावत समुद्राला मिळतं, कारण डोंगर आणि किनारा यांत अंतरच थोडं. जे मुरतं तेही सच्छिद्र जांभ्या दगडात फार काळ ठरत नाही, पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडतं. नोव्हेंबरपासून जमा जवळजवळ थांबते आणि मागणी चढत जाते.

देशाचा हिशोबही याच रीतीने मांडतात. भारतावर वर्षाला सुमारे ४,००० अब्ज घनमीटर पाणी पडतं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास नद्यांत व भूजलात येतं. बाकीचा मोठा भाग वाफ होऊन जातो. प्रदेशाचा जमाखर्च मांडताना बाहेरून आलेलं पाणीही जमेला धरायचं. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत सह्याद्रीपलीकडच्या कोयनेचं पाणी वीजनिर्मिती करून येतं. ते चिपळूणच्या आभाळातून पडलेलं नसतं.

टिपणात ‘विहीर आटली’ असं लिहाल तिथे जरा थांबा. दूध आटतं ते वाफ होऊन, म्हणून मुलं विहिरीचंही तसंच समजतील. विहिरीचं तोंड लहान, पाणी खोल आणि सावलीत; वाफेने जाणारं पाणी थोडं. विहीर आटते ती मुख्यतः आजूबाजूचं भूजल झिरपून खाली गेल्यामुळे आणि उपशामुळे. शब्द तोच ठेवा, पण पुढे हे एक वाक्य जोडा.

लेखनाबद्दल: ‘वाष्प’ हे रूपही संस्कृतात आहे आणि हिंदीत तेच चालतं, मराठीत ‘बाष्प’ रूढ आहे. बाष्पपर्णोत्सर्जन एकसंध लिहावं, मध्ये जोडरेघ नको. ओळीच्या शेवटी तोडावंच लागलं तर ‘बाष्प’ नंतर तोडा.