विचारा बिनधास्त : घरचंच विमान, तरी परवान्याची मारामारी?

प्रश्न : हाँगकाँग ब्रिटिशांचंच होतं ना, मग तिथल्याच कॅथे पॅसिफिक या विमान कंपनीला लंडनला जायला एवढा त्रास का झाला? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अहो तेच तर दुखणं! वसाहत म्हणजे हा रूट कागदोपत्री देशांतर्गत, त्यामुळे दोन देशांत होतो तसा हवाई करार नाही आणि मलई वर्षानुवर्षं एकट्या ब्रिटिश एअरवेजकडे. पण लायसन्स मात्र दोन्हीकडचं लागायचं, लंडनच्या सीएएचं (म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचं) पण आणि हाँगकाँगच्या स्वतःच्या लायसन्सिंग अथॉरिटीचं पण. 1979 च्या सुमारास ब्रिटिश कॅलेडोनियन, लेकर (या दोन ब्रिटिश विमान कंपन्या) आणि कॅथे असे तिघं रांगेत आले. मार्च 1980 मध्ये सीएएने फक्त कॅलेडोनियनला हो म्हटलं, म्हणजे ज्यांचं गाव त्यांच्याच विमान कंपनीला नाही! हाँगकाँगात लोक जाम भडकले (गंमत म्हणजे कॅथेची मालकी स्वायर या ब्रिटिश ग्रुपकडेच होती). मग अपील गेलं थॅचर सरकारचे व्यापारमंत्री जॉन नॉट यांच्याकडे, त्यांनी जूनमध्ये निर्णय फिरवला आणि जुलैत कॅथेचं जंबो बहारीनमार्गे लंडनच्या गॅटविक विमानतळावर उतरलं सुद्धा. लंडनचं मुख्य विमानतळ हीथ्रो नाही हां, गॅटविक. माझ्या मते नॉटसाहेबांनी न्यायापेक्षा वसाहतीतला राग जास्त मोजला असणार.