स्ट्रॅटेजिस्ट ‘कॅश वाढवा’ म्हणाले, म्हणून सगळं विकायचं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इक्विटी फंडांत १४ लाख आहेत, त्यातला साधारण ५ लाख नफा. दीड वर्षात ठाण्यात कासारवडवलीच्या बाजूला टू-बीएचके बुक करायचाय. शिवाय मुलीच्या शिक्षणासाठी महिना १५ हजारांची एसआयपी, आणि त्या पैशांची गरज अकरा वर्षांनी. टीव्हीवर एका ब्रोकरेजचे (शेअर दलाल कंपनीचे) स्ट्रॅटेजिस्ट, म्हणजे बाजाराचा अंदाज सांगणारे, म्हणाले की अर्थव्यवस्था मंदावतेय, १०-१२ टक्के करेक्शन (घसरण) येईल, कॅश वाढवा, म्हणजे शेअर विकून रोकड हातात ठेवा. तर सगळं काढून खालच्या भावात परत घ्यावं का?

फ्लॅटचे पैसे काढायला लागा. एसआयपीला हात लावू नका. ते साहेब बरोबर ठरोत नाहीतर चूक, माझं उत्तर हेच राहील, कारण त्यांचं बोलणं तुमच्यासाठी नव्हतंच.

फोर्टमधल्या एका ब्रोकिंग ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. असे रिसर्च रिपोर्ट ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून वाचलेत. ते लिहिले जातात फंड मॅनेजरसाठी. त्याला पैसे बाजारातच ठेवायचे असतात, प्रश्न फक्त कमी-जास्तीचा. ‘अंडरवेट’ म्हणजे विका असं नव्हे; निर्देशांकात जेवढं वजन आहे त्यापेक्षा थोडं कमी ठेवा, एवढंच. परदेशी ब्रोकर ‘इंडिया अंडरवेट’ म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा इतर उदयोन्मुख देशांशी तुलना करत असतो. तुमच्या मुलीच्या कॉलेजची फी त्या तक्त्यात कुठेच नाही.

आता ‘टार्गेट’, म्हणजे निर्देशांक कुठे जाईल तो आकडा, कसं निघतं ते सांगतो, कारण टीव्हीवर हे कोणी उलगडत नाही. निफ्टीचं (एनएसई या शेअर बाजाराच्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचं) पुढच्या वर्षाचं अंदाजे ईपीएस, म्हणजे प्रति शेअर नफा, गुणिले पीई, म्हणजे त्या नफ्याच्या किती पट भाव, झालं टार्गेट. समजा ईपीएस ११५० धरलं आणि पीई २१, तर २४,१५०. पीई २३ केला की २६,४५०. जगात काहीच घडलं नाही, फक्त साहेबांचा मूड सुधारला! म्हणून टार्गेट बदललं की बघायचं, दोनपैकी कुठला आकडा हलला. ईपीएस खाली आणलं असेल तर नीट वाचा, तिथे कंपन्यांच्या निकालांची खबर असते. नुसता पीई हलवला असेल तर चहा घ्या.

आणि ‘पीई इतिहासाच्या मानाने महाग की स्वस्त’ हा चार्ट कोणी दाखवला तर तो मार्च २०२१ च्या आधीपासूनचा आहे का ते पाहा. तोवर एनएसई निफ्टीचा पीई कंपन्यांच्या स्टँडअलोन (फक्त मूळ कंपनीच्या) नफ्यावर काढायची, मग कन्सॉलिडेटेडवर (उपकंपन्या धरून) काढू लागली. पीई रातोरात ४० वरून ३३ च्या आसपास आला. बाजार तिथेच होता, मोजपट्टी बदलली. तरीही ती सलग रेघ अजून स्लाइडवर दिसते.

अर्थव्यवस्थेचंही तसंच. एप्रिल-जून २०२० मध्ये जीडीपी जवळपास २४ टक्के आकसला. ठाण्यात राम मारुती रोडची शटरं खाली होती, तलावपाळीवर चिटपाखरू नव्हतं. तो आकडा ३१ ऑगस्टला आला, तोवर निफ्टी मार्चच्या तळापासून दीडपट झाला होता. उलट २०२४ मध्ये निफ्टीने सप्टेंबरअखेर शिखर गाठलं आणि उतरू लागला, जुलै-सप्टेंबरचा ५.४ टक्क्यांचा मंद जीडीपी कळला २९ नोव्हेंबरला. मंदावल्याची बातमी तुमच्यापर्यंत येते तोवर बाजाराने ती चावून गिळलेली असते.

मीही एकदा असाच शहाणपणा केला होता. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८१६० वर बंद झाला. आमच्याकडे येणाऱ्या एका रिपोर्टात अजून खाली जाईल असं होतं, म्हणून मी पैसे बचत खात्यात ठेवून दबा धरून बसलो. १८ मे ला, निवडणूक निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी, बाजार उघडला आणि मिनिटभरात अप्पर सर्किट (वाढीची मर्यादा गाठली की व्यवहार थांबतात). काही वेळाने पुन्हा सुरू झाला, लगेच पुन्हा सर्किट, दिवसभरासाठी बंद. २,११० अंकांची उडी. ऑर्डर टाकायला बोट कीबोर्डवर होतं आणि टाकायला जागाच नव्हती. मग ‘थोडा खाली येऊ दे’ करत मी २०१० मध्ये १७ हजारांच्या पुढे घेतलं. रिपोर्ट लिहिणाऱ्याने तोवर मत बदललंही होतं. त्याच्या खिशाला चाट पडली नाही.

तुमच्या आकड्यांवर येतो. सगळं आत्ता विकलंत, नफा दीर्घकालीन धरला, तर वर्षाला करमुक्त असलेले सव्वा लाख वगळून पावणेचार लाखांवर १२.५ टक्के आणि सेस (करावरचा उपकर), म्हणजे ४८,७५० रुपये. १४ लाखांच्या मानाने जवळपास साडेतीन टक्के. म्हणजे परत शिरायचं असेल तर बाजार निदान तेवढा पडायला हवा, आणि नेमक्या त्या दिवशी तुमची छाती व्हायला हवी. हा कर कधी ना कधी भरावाच लागतो हे खरं, पण लांबवता येतो.

फ्लॅटच्या पैशांत मात्र परत शिरायचंच नाहीये, तेव्हा हा हिशोब तिथे लागू नाही. तिथे धोका वेगळा: डाउन पेमेंटच्या महिन्यात २०२० च्या मार्चसारखी पडझड आली तर? निम्म्याहून जास्त आत्ता काढा, उरलेलं ३१ मार्च उलटल्यावर, म्हणजे सव्वा लाखाची सूट दोन आर्थिक वर्षांत मिळेल. एफडी किंवा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात) ठेवा. विक्रीचे पैसे घरात गुंतवल्यास करसवलतही असते, पण अटींसकट. विकायच्या आधी सीएला भेटा, नंतर नव्हे.

तुमचा कुणी मित्र ‘निफ्टीचा पुट (बाजार पडला तर फायदा देणारा करार) घेऊन ठेव’ म्हणत असेल तर त्याला नमस्कार सांगा. बाजार नियामक सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स-ऑप्शन्स, पुट त्यातलाच) १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला होता.

आणि एक, बिल्डरला चेक द्यायच्या आदल्या दिवशी रिडीम करू नका. इक्विटी फंडाचे पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस जातात, मध्ये सुट्टी आली तर आणखी.