वाचकांचे प्रश्न : दागिना दाखवताना काय सांगावे?

प्रश्न : तार आणि काचमणी वापरून मी कानातली आणि पदके करते. हस्तकलेच्या एका ऑनलाइन समूहात मी नियमितपणे छायाचित्रे देते आणि खाली माझ्या संकेतस्थळाचा दुवा जोडते. ‘छान’, ‘सुंदर’ यापलीकडे कोणी काही लिहीत नाही आणि आता संचालकांनी दुवे कमी करण्यास सांगितले आहे. मी काय बदलावे?

उत्तर : अशा समूहातील बहुतेक मंडळी स्वतः काही ना काही घडवणारी असतात, त्यामुळे तयार दागिना पाहिल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘हे जमवले कसे?’ असा. तुमच्या छायाचित्रात या प्रश्नाचे उत्तर नसेल आणि खाली केवळ विक्रीच्या पानाचा दुवा असेल, तर कौतुकाचा एक शब्द लिहून पुढे जाण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय उरत नाही. दुवा देण्यात गैर काहीच नाही. मात्र तुमची नोंद दुव्यावर न जाताही वाचणाऱ्याच्या उपयोगी पडली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. मणी ओवलेल्या तारेचे वरचे टोक काटकोनात वळवून त्याची कडी करायची आणि उरलेली तार कडीच्या मानेभोवती दोन-तीन वेढे घेऊन बंद करायची, ही रीत तुम्ही वापरत असणारच. शिकणाऱ्याचे काम अडते ते शेवटच्या वेढ्याशी, कारण कापलेले टोक किंचित बाहेर राहिले तरी ते त्वचेला बोचते आणि कपड्यात अडकते. ते टोक तुम्ही पकडीने आत कसे दाबता, हे दाखवणारे एक जवळून घेतलेले छायाचित्र द्या. दागिन्याची मागची बाजूही दाखवा, कारण जाणकार माणूस कामाची सफाई तिथेच पाहतो. प्रकाश खिडकीतून येणारा, सौम्य असावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. पडद्यावर आकाराचा अंदाज कोणालाच येत नाही.

तारेची जाडी सांगताना नुसता गेज क्रमांक देऊ नका. अमेरिकी पद्धतीत २० गेजची तार ०.८१ मिलिमीटर जाडीची असते, तर ब्रिटिश पद्धतीत तोच क्रमांक ०.९१ मिलिमीटरचा असतो. एवढ्या फरकाने तार मण्याच्या भोकातून जाईनाशी होऊ शकते, म्हणून जाडी मिलिमीटरमध्येच लिहावी. काचमण्यांच्या बाबतीत क्रमांक वाढतो तसा मणी लहान होतो, ही गोष्ट नवख्यांना चकवते. ११ क्रमांकाचा मणी साधारण २ मिलिमीटरचा आणि १५ क्रमांकाचा त्याहून बारीक, असे एका वाक्यात सांगितले तरी पुरे.

सर्वांत जास्त काळजी धातूचे नाव लिहिताना घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ‘चांदीचे’ हा शब्द अनेक जण चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेलाही लावतात. स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के शुद्ध चांदी असते आणि उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो. मुलाम्यात मात्र वरचा थर अतिशय पातळ असतो आणि तो झिजला की खालचा धातू त्वचेला लागतो. तो धातू निकेलयुक्त असेल तर संवेदनशील व्यक्तीला खाज सुटते आणि पुरळ उठते. युरोपीय संघाने याच कारणासाठी टोचलेल्या कानात घालायच्या भागातून सुटणाऱ्या निकेलवर दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, अशी मर्यादा घातली आहे. तुमच्या हुकांचा धातू तुम्हाला खात्रीने ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट लिहा. ‘निकेलमुक्त’ हा शब्द अंदाजाने कधीही वापरू नये. रत्नांनाही हाच नियम लावावा. निळा रंग दिलेला हाउलाइट हा पांढरा खडा पिरोजा म्हणून सर्रास विकला जातो आणि ओपलाइट या नावाने मिळणारा दुधी मणी तर बहुधा चक्क काच असते.

एवढे सांगितल्यानंतर संकेतस्थळाचा दुवा शेवटी, एकदाच द्यावा आणि तो स्वतःचा आहे हे लिहावे. समूहाने विक्रीसाठी वेगळा दिवस किंवा विभाग ठेवला असेल तर विक्रीच्या नोंदी तिथेच कराव्यात. शिवाय इतरांच्या कामावर, विशेषतः कोणी अडचण विचारली असेल तिथे, सविस्तर लिहीत जा. आपल्या कामावर मनापासून लिहिणाऱ्या व्यक्तीचे संकेतस्थळ माणसे आपणहून उघडतात.

प्रश्न : कृती उघड केली तर माझी रचना कोणीही उचलेल, या भीतीने मी काहीच सांगत नाही. हे योग्य आहे का?

उत्तर : भीती समजण्यासारखी आहे, परंतु ती थोडी चुकीच्या जागी आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेविषयीच्या आणि १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स कराराच्या नवव्या कलमानुसार स्वामित्व हक्क अभिव्यक्तीला मिळतो, कल्पनेला किंवा कार्यपद्धतीला नव्हे. तार गुंडाळण्याची किंवा मणी विणण्याची रीत त्यामुळे कोणाच्याच मालकीची होत नाही. तुम्ही लिहिलेली कृती, काढलेली आकृती आणि टिपलेले छायाचित्र मात्र तुमचे असते. विशिष्ट रचनेला मिळणारे संरक्षण प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार बदलते, तेव्हा एखादी रचना तुमच्या उत्पन्नाचा आधार असेल तर ती जाहीर करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. बाकी तंत्र मोकळेपणाने सांगावे. आपण स्वतः कोणाची कृती पाहून शिकलो असू तर तिचे नाव आणि मूळ पानाचा दुवा दिलाच पाहिजे, आणि ‘विक्रीसाठी वापरू नये’ अशी तिची अट असेल तर ती पाळली पाहिजे.

प्रश्न : मला उपयोगी पडलेली इतर संकेतस्थळे समूहाला कशी सुचवावीत?

उत्तर : दुव्यांची लांबलचक यादी कोणी वाचत नाही. एका वेळी एकच संकेतस्थळ सुचवा आणि तिथे नेमके काय मिळते, ते कोणत्या टप्प्यावरच्या शिकणाऱ्यासाठी आहे, कृती विनामूल्य आहे की पैसे भरून घ्यावी लागते आणि तुम्ही स्वतः त्यातील काय करून पाहिले, हे दोन-चार वाक्यांत लिहा. साहित्य विकणाऱ्याचा दुवा देताना त्यातून तुम्हाला दलाली मिळत असेल तर ते त्याच नोंदीत, दुव्याच्या आधी सांगा. दुसऱ्याच्या पानावरची छायाचित्रे उतरवून स्वतःच्या नोंदीत चिकटवू नका, दुवा द्या. हौशी कारागिरांची जुनी पाने अनेकदा बंद पडलेली आढळतात. अशा वेळी पत्ता जुन्या पानांच्या प्रती जतन करणाऱ्या वेबॅक मशीन या संकेतस्थळावर शोधावा, आणि जतन केलेली प्रत सापडली तर मूळ लेखकाच्या नावासह तिचा दुवा द्यावा.